फायब्रो निघाला

धामणगाव बढ्यात बाईमाणसाला रस्त्यानं चालायचं असेल तर हातात काहीतरी लागतं. पिशवी, दळणाचा डबा, गेला बाजार नातवंडाचं बोट. रिकाम्या हातानं चालणारी बाई एकतर नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेली असते, नाहीतर विहिरीकडे. दोन्ही वेळी तिला अडवून चौकशी करणं हे गाव आपलं कर्तव्य समजतं. बाकीच्या कर्तव्यांचं गाव काय करतं ते विचारू नये.

मनकर्णाबाईंना हे ठाऊक नव्हतं थोडंच! सगळा जन्म त्यांनी याच रस्त्यावर काढला होता, आणि त्यांनीही कित्येक बायांना अडवलं होतं. पण मलकापूरच्या डॉक्टरणीनं त्यांना रोज सकाळी चालायला सांगितलं, आणि तेही कामाशिवाय.

"कामाशिवाय?" मनकर्णाबाईंनी पुन्हा विचारून घेतलं.

"कामाशिवाय, काकू. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. फक्त चालायचं."

एवढं कठीण पथ्य त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मनकर्णाबाईंचं अंग दुखत असे. कुठे, असं विचारलं की त्यांची पंचाईत होई, कारण कुठे दुखत नाही ते सांगणं सोपं होतं: नाकाचा शेंडा. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळं आळीपाळीनं आणि कधी एकजुटीनं ठणके. रात्रभर झोपून उठलं की झोपण्याआधीपेक्षा जास्त थकल्यासारखं होई. रक्त तपासून झालं, हाडांचे फोटो काढून झाले. सगळं चांगलं आलं, आणि सगळं चांगलं आल्यामुळे त्यांची घरातली उरलीसुरली पत गेली.

"पाहा हे रिपोर्ट!" भगवानराव, म्हणजे त्यांचे यजमान, येणाऱ्या-जाणाऱ्याला कागद दाखवत. "एकदम नॉर्मल. एवढी चांगली तब्येत तं माहीबी नाही!"

भगवानरावांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. बीटी कपाशीला अळी लागत नाही असं सांगून ते बियाणं विकत, आणि त्याच गिऱ्हाइकाला पुढे शेजारच्या फळीवरून अळीचं औषध विकत. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही आणि गिऱ्हाइकाला वाटून उपयोग नव्हता. तुडतुड्याची बाटली वेगळी, माव्याची वेगळी, पानं लाल पडली तर त्याची वेगळी. त्यामुळे रोगांबद्दल त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं: ज्यावर फवारा निघालेला नाही, तो रोग नाही.

शेवटी शेजारचे कापसाचे व्यापारी शकूरभाई मध्ये पडले. त्यांची भाची महनूर मलकापूरला डॉक्टर झाली होती. "भाभी, एक बार दाखवून तं या. पोरगी हुशार हाय, घाई करत नाही," असं म्हणून त्यांनी मनकर्णाबाईंना धाडलं.

पोरगी खरंच घाई करत नव्हती. तिनं मानेवर, खांद्यावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला हलकंच बोटानं दाबलं आणि प्रत्येक ठिकाणी मनकर्णाबाईंच्या तोंडून "माय वं" निघालं. मग ती खुर्ची ओढून समोर बसली.

"काकू, तुमच्या हाडांत काही बिघाड नाही. पण दुखणं खरं आहे. तुमच्या नसांचा आवाज वाढलाय. रेडिओचा कान कुणी पिळून ठेवावा तसा. याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात."

"फायब्रो..."

"मायाल्जिया. याच्यावर एक गोळी घेतली आणि झालं, असं नाही. आपण रोज कसं राहतो त्यानंच हा आवाज खाली येतो. आता सांगा, ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी तुम्ही काय करता?"

"मांगचं राह्यलेलं समदं काम."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पडून राह्यते."

"हेच बंद करायचं. बऱ्या दिवशी थोडंच करायचं आणि वाईट दिवशीही थोडं करायचंच. झोपायची वेळ एकच. गरम पाण्यानं अंग शेकायचं. सकाळी चालायचं, बेतानं, दम लागेल असं नाही. मध्ये थांबून डोळे मिटायचे, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, तोंडानं सोडायचा."

मनकर्णाबाई एस.टी.त बसून घरी येईपर्यंत रडल्या. दुखत होतं म्हणून नव्हे. 'दुखणं खरं आहे' हे वाक्य कुणीतरी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बोललं होतं, म्हणून.

भगवानरावांनी दुकानातच चौकशी केली. "औषध कोन्तं देलं?"

"औषध नाही. चालाले सांगतलं."

"बस? चालाले?" त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहून हात पसरले. "मंग रोग कायचा? तुले काई झालं नाही मनकर्णे. हे मनाचं हाय. आन नाव सांगू नको कोनाले, फुकट बोभाटा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई रिकाम्या हातानं निघाल्या. त्यांनी मोताळ्याकडचा रस्ता धरला, कारण त्या बाजूला घरं कमी आणि कडुनिंब जास्त. त्याच रस्त्यावर, गावाच्या टोकाला भगवानरावांचं गोदामही होतं, पण ते त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. माणसाचा घात करणाऱ्या गोष्टी नेमक्या मनात नसतात.

"कुठी चालल्या काकू?"

हा गावचा नमस्कार. याला 'बँकेत', 'मळ्यात', 'मयतीले' यांपैकी काहीही चालतं. उत्तर खरं असावं अशीही अट नाही, फक्त ते असावं लागतं. मनकर्णाबाई सरळमार्गी. त्या म्हणाल्या, "कुठीच नाही."

विचारणारा कचरू सायकलवरून पडता पडता राहिला.

कचरू हा गावातला शेतकरी, आणि शेती परवडत नसल्यामुळे बातम्यांकडे वळलेला. त्यानं मागे वळून पाहिलं. कृषी केंद्रवाल्याची बायको, झाडलोट सोडून, सकाळच्या पारी, रिकाम्या हातानं, हळूहळू चालत गोदामापाशी गेली. तिथे थांबली. डोळे मिटले. ओठ हलत होते.

"पोते मोजून राह्यली बे!" त्यानं चहाच्या टपरीवर येऊन सांगितलं.

आता हे दिवस कोणते होते ते सांगायला हवं. मृग तोंडावर आला होता आणि एका विशिष्ट बीटी वाणाच्या पाकिटासाठी सगळा जिल्हा वेडा झाला होता. लागोपाठ दोन सालं कपाशीची बोंडं गळाली होती. पावसाचा नेम नाही, भावाचा नेम नाही, तेव्हा माणूस पाकिटावरच्या चित्रावर विश्वास ठेवतो. चित्रातलं झाड वाकलेलं असतं, बोंडांच्या भारानं. आपल्या गावात झाडापाशी उभा राहणारा माणूस वाकलेला असतो, एवढाच फरक. तर ते पाकीट कुठेच मिळत नव्हतं, आणि म्हणून ते प्रत्येक दुकानदाराकडे लपवलेलं आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मनकर्णाबाईंना या कशाची कल्पना नव्हती. त्या शेजारणीला तोंड देत होत्या.

अन्नपूर्णाबाई या त्यांच्या दारासमोर राहत आणि बहुतेक वेळ त्यांच्या दारातच राहत. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर इलाज होते. अट एकच, दुखणं दुसऱ्याचं असावं.

"चालू नको वं माय!" त्या म्हणाल्या. "दुखून राह्यलं तं चालते कोनी? एरंडाचं पान बांध. पायाले काळा दोरा बांध. माह्या नंदेचं असंच दुखे, तिनं मीठ सोडलं."

"मंग बरं वाटलं?"

"कायचं! पन मीठ तं सुटलं. आन तू सारखी दुखते दुखते म्हनते, तं डॉक्टरीन काय म्हने?"

नाव सांगायचं नाही असं भगवानराव म्हणाले होते. पण आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दुखण्याला नाव मिळालं आहे आणि ते सांगायचं नाही? मनकर्णाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "फायब्रो निघाला," त्या हळूच म्हणाल्या.

मराठी भाषेनं इथे त्यांचा घात केला. आपल्याकडे तपासणीत रोगही 'निघतो' आणि बाजारात नवं वाणही 'निघतं'. अन्नपूर्णाबाईंनी ही बातमी भांडी घासता घासता नवऱ्याला दिली, नवरा टपरीवर गेला, आणि दुपारपर्यंत मनकर्णाबाईंच्या रोगाचं बियाणं झालं होतं.

"फायब्रो निघाला म्हने. मलकापूरवरून आनला."

"कोन्त्या कंपनीचा?"

"ते नाही सांगत. नाव सांगाचं नाही अशी ताकीद हाय."

"मले ठाव हाय," कचरू म्हणाला. त्याला ठाऊक नसलेली वस्तू अजून जन्माला यायची होती. "मेहकरकडं माह्या साळ्यानं लावला होता मांगच्या साली. झाड हे एवढं! अळी जवळ येते, वास घेते आन परत जाते."

"पानी?"

"कमी लागते."

"पन बाजारात कसा नाही आला?"

"वरच्यांनी दाबला. कास्तकार सुधरला तं त्याईचं काय होईन?"

यावर सगळ्यांचं एकमत झालं. गावात विहिरीच्या गाळावर एकमत होत नाही, शाळेच्या छपरावर होत नाही.

पुढच्या सकाळी मनकर्णाबाई निघाल्या तेव्हा मागून पावलं ऐकू आली. वळून पाहिलं तर चार-सहा माणसं, आभाळाकडे बघत, उगीच. त्यांनी लक्ष दिलं नाही. त्या थांबल्या, तशी माणसंही थांबली. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, आणि मागे कुणीतरी कुजबुजलं, "दमानं रे, आकडा चुकन तिचा."

त्याच्या पुढच्या सकाळी निम्मं गाव होतं. डॉक्टरणीनं सांगितलेल्या बेताच्या चालीनं सगळी वरात मोताळा रस्त्यानं निघाली. ज्यांचा बाप जन्मात कुणाच्या मागे चालला नाही असे मिशीवाले पुरुष मनकर्णाबाईंच्या पावलात पाऊल टाकत होते. गोदामाच्या शटरपासून कडुनिंबापर्यंत दगडांची आणि चपलांची ओळ लागली होती. प्रत्येक चप्पल म्हणजे एक नंबर. एका गृहस्थांनी दोन्ही चपला वेगवेगळ्या ठिकाणी लावल्या होत्या.

"काय पायजे तुमाले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तेच, काकू. फायब्रो."

"तुमाले?" त्यांना काही कळेना. "अरे बाबा, देवाजवळ मागा की दुश्मनालेबी नको म्हनून!"

"पाहा!" मागून आवाज आला. "सोयऱ्याईले देतीन, आपल्याले नाही म्हनतीन!"

भगवानराव बनियनवर धावत आले. त्यांनी आधी हात जोडले, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा हात जोडले. "माह्याजवळ असं कोन्तंच बियानं नाही!" हे वाक्य ते अगदी खरं बोलत होते. पण दुकानदारानं 'नाही' म्हणणं याचा अर्थ 'आहे, पण तुझ्यासाठी नाही' असा होतो, हे त्यांनीच गावाला इतक्या वर्षांत शिकवलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी हुकूम सोडला. "उद्यापासून तुहं फिरनं बंद. समजलं?"

"बंद नाही होनार."

"काय?"

"काल मले झोप लागली." मनकर्णाबाईंचा आवाज बारीक होता, पण मोडणारा नव्हता. "सकाळी उठली तं उठल्यासारखं वाटलं. किती सालानं! तुमाले नाही समजनार."

"दुकान बंद पडन तवा समजन तुले! काई झालं नाही तुले, अन् गावभर नाटक!"

मनकर्णाबाईंनी चुलीवर शेकायचं पाणी ठेवलं. वाईट दिवशीही थोडं करायचंच, असं सांगितलं होतं, आणि हा वाईट दिवस होता यात शंका नव्हती.

सकाळी त्या निघाल्या, गाव निघालं, आणि गोदामापाशी जीप उभी होती. कुणीतरी तक्रार केली होती: बोगस बियाण्याचा साठा, नाव फायब्रो. तालुक्याहून आलेले साहेब तरुण होते, झोपमोड झालेले होते, आणि शेतकऱ्यांना खरं पाकीट मिळवून देता येत नसल्यामुळे खोटं पकडायला फार उत्सुक होते.

पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून शकूरभाई आणि कचरू. शटर उघडलं. आत खताची पोती, फवारणीचे पंप, उंदरांनी कुरतडलेली सतरंजी आणि मागच्या निवडणुकीतले झेंडे निघाले. झेंडे सगळ्या पक्षांचे होते. बियाणं नव्हतं.

"फायब्रो कुठे आहे?" साहेबांनी दरडावलं.

"माह्या अंगात," मनकर्णाबाई म्हणाल्या.

अन्नपूर्णाबाईंनी घाईघाईनं हात जोडले. अंगात येणारं काहीही असलं तरी नमस्कार केलेला बरा.

"साब, ये बीमारी का नाम है," शकूरभाईंनी घाम पुसत सांगितलं. "मेरी भाची ने बताया. बियानं नाही, रोग हाय."

"रोग?" साहेबांनी मनकर्णाबाईंना वरून खाली पाहिलं. चांगल्या धडधाकट दिसत होत्या. हेच तर त्यांचं दुर्दैव होतं. साहेब भगवानरावांकडे वळले. "काय हो, तुमच्या पत्नी आजारी आहेत?"

आणि भगवानरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "छे! तिले काय झालं? एकदम नॉर्मल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे आजार नाही. मग त्या रोज सकाळी बंद गोदामापाशी येऊन काय करतात?"

शकूरभाईंनी डोळे मिटले.

"सरळ आहे," साहेब म्हणाले. "आजार असेल तर हे फिरणं. आजार नसेल तर हे साठ्यावर लक्ष ठेवणं, आणि साठा कालच हलवला असणार. मग मला परवाना निलंबित करण्याची शिफारस करावी लागेल. विचार करून सांगा. आजार आहे की नाही?"

भगवानरावांनी शटरकडे पाहिलं, मग बायकोकडे. मनकर्णाबाई कडुनिंबाखाली उभ्या होत्या. त्यांच्या मांड्या ठणकत होत्या, पण बसायची ही वेळ नव्हती.

"हाय," भगवानराव पुटपुटले.

"औषध कोणतं चालू आहे?"

"औषध नाही साहेब."

"औषध नाही, मग रोग कसला?"

हे शास्त्र भगवानरावांचंच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते फार निर्दय वाटलं असावं. "असते साहेब," ते म्हणाले. "चालनं हेच औषध हाय त्याचं. झोप. गरम पानी."

"दुखतं कुठे?"

भगवानरावांना कपाशीचं कोणतं वाण कधी फुलावर येतं ते झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी पायानं एक खडा बाजूला सारला. मनकर्णाबाई वाट बघत होत्या. याला काय ठाऊक असणार, त्या मनात म्हणाल्या. यानं कधी मान वर करून पाहिलंय?

"सकाळी उठली की..." भगवानराव जमिनीकडे बघत बोलू लागले. "खाटीवर बसूनच राह्यते. खाली पाय टेकवाले भेते. मंग चौकट धरून उभी होते. वेनी घालताना हात खाली घेते, मंग पुन्हा वर. पोळ्या लाटताना भिंतीले पाठ लावते. काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या तिनं, भार होते म्हनून. दोनच ठेवल्या, सनासाठी म्हनून नाही, लोकं इचारतीन म्हनून."

"हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही. दिसते ना मले."

बायांच्या घोळक्यात कुणीतरी 'च्च' केलं. अन्नपूर्णाबाईंनी स्वतःच्या मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या आणि प्रथमच काही सल्ला दिला नाही. "म्हनजे पाकीट नाहीच?" कचरूनं विचारलं, तेव्हा शकूरभाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

इतकी वर्षं मनकर्णाबाईंनी या माणसाला एकाच आधारावर माफ केलं होतं: याला दिसत नाही. बिचारा पाकिटांत बुडालेला, याला कुठून दिसणार! आणि याला सगळं दिसत होतं. चौकट दिसत होती, वेणी दिसत होती, बांगड्यासुद्धा दिसल्या होत्या. सगळं बघून हा माणूस दुकानात नॉर्मलचे कागद दाखवत बसला होता! जवळ जाऊन त्याचे खांदे दाबावेत की त्याला गोदामात घालून शटर ओढावं, हे त्यांना ठरवता येईना.

साहेब झरझर लिहीत होते. 'सदर आजार खरा असून' इथपर्यंत आल्यावर त्यांनी मान वर केली. तरुण होते, काम नेटकं करायची सवय अजून सुटली नव्हती.

"आणि हे सगळं तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

भगवानरावांनी रुमाल काढला. मान पुसली. साहेबांच्या कानाशी वाकून, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "साहेब, हे लिहिलंच पायजे का?"

साहेबांनी पेन थांबवलं आणि, लिहू का, अशा नजरेनं कडुनिंबाकडे पाहिलं.

मनकर्णाबाईंनी पंचनाम्यासाठी बाहेर काढलेल्या खताच्या पोत्यावर हात टेकला, जपून खाली बसल्या आणि पदर सारखा केला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आठवू द्या त्याईले दमानं. मले काई घाई नाही."